कॉर्डलेसवर मिस्ड कॉल दिसतो, पण परत लावला की लागत नाही

रावपुऱ्यातल्या पतपेढीपासून मकरपुरा जीआयडीसीतल्या वर्कशॉपपर्यंत, बडोद्यातल्या लहान ऑफिसांमधून ही एकच तक्रार सतत ऐकू येते. कॉर्डलेसच्या स्क्रीनवर आलेला नंबर व्यवस्थित दिसतो. यादीतून तो निवडून हिरवं बटण दाबलं की मात्र एंगेज टोन येतो, नाहीतर भलत्याच टेबलावरचा फोन वाजायला लागतो. तोच नंबर एकेक आकडा दाबून लावला तर लगेच लागतो. मग हँडसेट बिघडला, नवा आणा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. नवा येतो आणि तक्रार जशीच्या तशी राहते.

हँडसेट धडधाकट असतो. घरी कॉर्डलेस थेट बाहेरच्या लाइनवर असतो, ऑफिसात तो ईपीएबीएक्सच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनी आतल्या फोनांना वाटून देणाऱ्या मशीनच्या, एखाद्या एक्स्टेंशनवर (आतल्या नंबरावर) बसवलेला असतो, आणि हा फरक त्या फोनला कोणी सांगितलेला नसतो. खोक्यातून काढला, भिंतीतल्या सॉकेटला पिन लावली, डायल टोन आली, की बसवणारा निघून जातो. परत न लागणारा कॉल, ट्रान्सफर करताना तुटणारा कॉल आणि न दिसणारा नंबर, या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

सेटिंगला हात लावण्याआधी एक खात्री करून घ्या. वायरचा साधा फोन कुठून तरी मिळवा. ऑफिसच्या कपाटात एखादा जुना पडलेला असतोच. कॉर्डलेसच्या बेसची वायर सॉकेटमधून काढा आणि तिथे हा फोन लावा. त्यावरही खरखर येत असेल किंवा डायल टोनच नसेल, तर दोष लाइनचा किंवा ईपीएबीएक्सचा आहे आणि पुढचं वाचून उपयोग नाही, आधी ते दुरुस्त करून घ्या. साध्या फोनवर सगळं नीट चालत असेल तर पुढे चला.

दोन शून्यं आणि मधला थांबा

१५ जानेवारी २०२१ पासून देशभरात लँडलाइनवरून मोबाइल लावताना नंबराआधी ० दाबावा लागतो. मोबाइलवरून मोबाइल, मोबाइलवरून लँडलाइन किंवा लँडलाइनवरून लँडलाइन लावताना हा नियम नाही. त्यामुळे रोज मोबाइल वापरणाऱ्याच्या तो अंगवळणी पडलेला नसतो. मिस्ड कॉलच्या यादीत मोबाइल नंबर येतो तो नुसता दहा आकडी. ईपीएबीएक्सच्या एक्स्टेंशनवरून बाहेरची लाइन घ्यायलाही आधी ० दाबावा लागतो, काही ठिकाणी त्यासाठी दुसरा आकडा ठेवलेला असतो. म्हणजे ऑफिसातून मोबाइल लावायचा तर दोन शून्यं हवीत, पहिलं ईपीएबीएक्ससाठी आणि दुसरं टेलिफोन कंपनीसाठी.

यादीतून हिरवं बटण दाबल्यावर यातलं एकही शून्य जात नाही. ईपीएबीएक्सला ‘९८’ पासून सुरू होणारे आकडे मिळतात. अनेक ईपीएबीएक्समध्ये ९ हा ऑपरेटरचा नंबर असतो, म्हणून रिसेप्शनचा फोन वाजतो आणि तिथल्या ताई विचारतात, “बोला, काय काम होतं?” फोन लावणारा म्हणतो, “अहो ताई, मी तर पार्टीला फोन लावला होता!” बडोद्यातल्याच लँडलाइनचा नंबर कधी कधी एसटीडी कोडसकट, २६५ पासून सुरू होणारा दहा आकडी दिसतो. तो तसाच लावला तर २६ किंवा २६५ नंबरच्या एक्स्टेंशनवर जाऊन आदळतो.

हाताने लावताना आपण नकळत बरोबर करत असतो. हिरवं बटण, डायल टोन, मग ०, बाहेरची टोन येईपर्यंत क्षणभर थांबणं, मग पुढचे आकडे. त्यातला क्षणभराचा थांबासुद्धा शून्यांइतकाच महत्त्वाचा आहे. आधी नंबर टाकून मग हिरवं बटण दाबलं की कॉर्डलेस सगळे आकडे भराभर सोडतो. ईपीएबीएक्स बाहेरची लाइन पकडेपर्यंत पहिले एक-दोन आकडे वाया जातात. ‘कधी लागतो, कधी रॉंग नंबर’ अशी तक्रार असेल तर हे आधी तपासा.

उपाय असा. फोनबुकमध्ये नंबर सेव्ह करताना ०, मग पॉज (म्हणजे तो क्षणभराचा थांबा), मग परत ०, मग दहा आकडी मोबाइल नंबर असा क्रम ठेवा. पॉजचं बटण बहुतेक हँडसेटवर रीडायलच्या बटणावरच असतं. नंबर टाइप करताना ते दाबलं की स्क्रीनवर इंग्रजी ‘पी’ अक्षर उमटतं. पॅनासॉनिकच्या हँडसेटमध्ये एक पॉज साधारण ३ सेकंदांचा असतो आणि तेवढा पुरतो. बडोद्यातल्या लँडलाइनसाठी ०, पॉज आणि सात आकडी नंबर. अहमदाबादसाठी ०, पॉज, ०७९ आणि पुढचा नंबर.

मिस्ड कॉलच्या यादीसाठी ‘एडिट करून कॉल’ अशी सोय शोधा. नंबरावर उभं राहून मेनू दाबला की बऱ्याच हँडसेटमध्ये ती मिळते, आणि नंबराआधीचं ०-पॉज-० तिथेच घालता येतं. प्रत्येक वेळी हे करणं कटकटीचं आहे, मान्य आहे. काही कॉर्डलेसमध्ये ‘अॅक्सेस कोड’ नावाचं सेटिंग असतं, त्यात ० भरून ठेवला की ईपीएबीएक्सपुरतं शून्य फोन स्वतः लावतो. ते असेल तर जरूर वापरा.

फोनबुकमध्ये ०-पॉज-० लावून सेव्ह केलेल्या नंबरावरून कॉल आला की नाव दिसत नाही, ही यातली अडचण आहे. आलेला दहा आकडी नंबर आणि सेव्ह केलेला लांब नंबर हँडसेटला वेगळे वाटतात. हाताने सेटिंग करून दोन्ही साधत नाही, त्यामुळे एक निवडावं लागतं. ज्या ऑफिसातून बाहेर फोन जास्त जातात तिथे मी नाव सोडून द्यायला सांगतो. दवाखान्याच्या काउंटरवर उलटं करा, तिथे कोणाचा फोन आला हे आधी कळणं जास्त महत्त्वाचं असतं.

यापेक्षा चांगला रस्ता ईपीएबीएक्समधून जातो. बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये बाहेर जाणाऱ्या नंबरात आपोआप आकडा घालण्याची किंवा आलेल्या नंबराआधी ० लावून तो एक्स्टेंशनला पाठवण्याची सोय असते. ईपीएबीएक्स बनवणारी मॅट्रिक्स ही कंपनी आपल्या मकरपुऱ्यातलीच आहे. शहरात तिची आणि इतरांचीही मशीन कोळून प्यायलेले टेक्निशियन मिळतात. त्यांना नेमकं सांगा: “मोबाइल नंबराआधी शून्य मशीननेच लावायला हवं.” नुसतं ‘फोन लागत नाही’ म्हटलं तर ते वायर बदलून जातील.

दुसऱ्या शून्यानंतर लगेच एंगेज टोन येत असेल

हा वेगळा आजार आहे आणि तो ओळखायला सोपा आहे. पहिल्या शून्यावर बाहेरची टोन येते, दुसरं शून्य दाबताक्षणी टोन बदलते. त्या एक्स्टेंशनला एसटीडीचं कुलूप लावलेलं असतं. एसटीडी महाग होती तेव्हा ऑफिसांनी ‘० ने सुरू होणारा कोणताही नंबर बंद’ असा नियम ईपीएबीएक्समध्ये घालून घेतला. तेव्हा मोबाइल ९ ने सुरू होत होते, त्यांना काही अडचण नव्हती. २०२१ नंतर मोबाइलच ० ने सुरू होऊ लागले आणि कुलूप त्यांनाही लागलं. कित्येक ऑफिसांत ते आजही तसंच आहे. तिथले लोक खिशातला मोबाइल काढून स्वतःच्या खर्चाने ऑफिसचे फोन करतात आणि कॉर्डलेसला दोष देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

टेक्निशियनकडून ०६, ०७, ०८ आणि ०९ उघडून घ्या, मोबाइल नंबर या चार आकड्यांनीच सुरू होतात. मात्र ०७ उघडला की अहमदाबादचा ०७९, इंदूरचा ०७३१ आणि ग्वाल्हेरचा ०७५१ हेही उघडतात. ०८ बरोबर बंगळुरूचा ०८० उघडतो. लाइनवर अमर्याद कॉलचा प्लॅन असेल तर हे कुलूप ठेवण्यात अर्थ नाही, ते सरळ काढून टाका. आयएसडी, म्हणजे ०० ने सुरू होणारे नंबर, तेवढे बंद ठेवा.

ट्रान्सफर करताना कॉल तुटतो

साहेबांचा फोन दुसऱ्या टेबलावर द्यायला रिसेप्शनवरून ‘आर’ किंवा ‘फ्लॅश’ लिहिलेलं बटण दाबलं जातं आणि समोरचा माणूस गायब होतो. पतपेढीत हे फार त्रासाचं आहे. ठेवीची चौकशी करणारे वयस्क सभासद मोठ्या मुश्किलीने फोन लावतात, आणि मॅनेजरसाहेबांकडे देता देता तो तुटतो.

फ्लॅश दाबल्यावर फोन लाइन क्षणभर तोडून परत जोडतो. त्या तुटण्याच्या लांबीवरून ईपीएबीएक्स अर्थ लावतं. ठरावीक मर्यादेपर्यंतची तूट म्हणजे ‘ट्रान्सफर करायचं आहे, टोन द्या’. त्याहून लांब तूट म्हणजे ‘फोन ठेवला’. आणि फारच छोटी तूट पडली तर ती जुन्या पल्स पद्धतीच्या डायलिंगसारखी दिसते. त्या पद्धतीत १ हा आकडा म्हणजे सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागाएवढी एक तूट. कॉर्डलेसमध्ये ही वेळ मिलिसेकंदांत ठरवता येते आणि साधारण ८० पासून ९०० पर्यंतचे पर्याय असतात. परदेशी बाजारासाठी बनलेला फोन तिथल्या टेलिफोन यंत्रणेच्या हिशोबाची वेळ घेऊन येतो. ती तुमच्या ईपीएबीएक्सला चालेलच असं नाही.

पॅनासॉनिकच्या केएक्स-टीजी मालिकेतल्या बऱ्याच डेक्ट (डिजिटल कॉर्डलेस) फोनमध्ये मेनू दाबून #१२१ दाबलं की थेट फ्लॅश टाइम उघडतो. इतर फोनमध्ये बेसच्या किंवा टेलिफोनच्या सेटिंगमध्ये ‘फ्लॅश टाइम’ किंवा ‘रिकॉल’ या नावाने शोधा. ६०० वर ठेवून सुरुवात करा. ग्राहकाच्या कॉलवर हे प्रयोग करू नका. शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याला मोबाइलवरून ऑफिसला फोन लावायला सांगा आणि त्यावर तपासा. फ्लॅश दाबल्यावर कॉल तुटला तर वेळ कमी करा, ४००, मग ३००. काहीच झालं नाही, समोरचा बोलतच राहिला, तर वाढवा. तुटक डायल टोन आली की जमलं. मग एक्स्टेंशन नंबर दाबा, तिकडून “हॅलो” आलं की कोणाचा फोन आहे ते सांगा आणि लाल बटण दाबा.

हँडसेटवर ‘इंट’ असंही एक बटण असतं आणि लोक फ्लॅशऐवजी तेच दाबतात. ते बटण फक्त त्याच बेसला जोडलेल्या दुसऱ्या कॉर्डलेस हँडसेटला फोन देतं. अकाउंट्समधला वायरचा फोन वेगळ्या एक्स्टेंशनवर आहे, तो ‘इंट’ने कधीच वाजणार नाही. ज्या ऑफिसात एका बेसवर दोन-तीन हँडसेट आहेत तिथे हा घोळ रोजचा. बेसशेजारी एक चिठ्ठी चिकटवा: आपल्याच कॉर्डलेसला द्यायचं तर ‘इंट’, बाकी सगळीकडे ‘आर’.

याच सेटिंगच्या आसपास डायल मोड असतो, तो ‘टोन’वर आहे ना हेही बघून घ्या. बँकेच्या हेल्पलाइनवर ‘मराठीसाठी अमुक दाबा’ ऐकून बटण दाबलं आणि काही झालं नाही, तर तो ‘पल्स’वर गेलेला असतो.

नंबरच दिसत नाही

येणारा नंबर पोहोचवण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात. डीटीएमएफ पद्धतीत तो सहसा पहिल्या रिंगच्या आधी येतो. एफएसकेमध्ये पहिली आणि दुसरी रिंग यांच्या मधल्या शांततेत येतो. लाइन एफएसकेवर असेल आणि तुम्ही पहिल्याच रिंगला फोन उचलला तर नंबर दिसणार नाही, तो यायच्या आधीच तुम्ही कॉल घेतलेला असतो. दोन रिंग होऊ द्या.

एकही नंबर दिसत नसेल आणि ही तक्रार तांब्याची लाइन काढून फायबर बसवल्यानंतर सुरू झाली असेल, तर फायबरच्या डब्याकडे बघा. आता लाइन त्या डब्याच्या फोन पोर्टमधून ईपीएबीएक्सला जाते. डबा एफएसके पाठवतो आणि ईपीएबीएक्सचा ट्रंक, म्हणजे बाहेरची लाइन जोडायचा भाग, अजून डीटीएमएफची वाट बघत बसला आहे, असं झालं की नंबर मध्येच हरवतो. दोन्हीकडे एकच पद्धत करून घ्या. ईपीएबीएक्समध्ये त्या लाइनसाठी कॉलर आयडीची सोय मुळात आहे का हेही विचारा, जुन्या मशीनमध्ये ती वेगळ्या कार्डवर येते. फायबरमुळे आणखी एक बदल झाला आहे. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळायची, वीज गेली तरी वायरचा फोन चालायचा. आता डबा, ईपीएबीएक्स आणि कॉर्डलेसचा बेस हे तिन्ही यूपीएसवर असतील तरच फोन चालू राहतो. यातलं एक जरी सुटलं तरी बाकीच्यांचा उपयोग नाही.

आवाज तुटणं, रेंज, अमेरिकेतून आलेले फोन

फायबर बसवणारा माणूस सोयीसाठी डबा, वाय-फाय राउटर आणि कॉर्डलेसचा बेस एकाच टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवतो. भारतात विकले गेलेले अनेक कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वाय-फायही तिथेच. कोणी मोठी फाइल डाउनलोड करायला घेतली की आवाज तुटायला लागतो. बेस राउटरपासून निदान दोन-तीन हात दूर आणि उंचावर, लोखंडी कपाटापासून लांब ठेवा. मांडवीच्या आसपास जुन्या वाड्यांमध्ये ऑफिसं आहेत. तिथल्या जाड विटांच्या भिंतीत कंपनीने लिहिलेली रेंज धरून चालू नका. माळ्यावर हवा असेल तर बेसच माळ्याच्या जिन्याजवळ हलवा.

न्यूजर्सीतल्या भाच्याने आणलेला ‘डेक्ट ६.०’ फोन ऑफिसात लावू नका. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो. आपल्याकडे १९२० पासून पुढची पट्टी मोबाइल कंपन्यांची आहे, तिथे असा फोन चालवायला परवानगी नाही. शिवाय त्याचा अॅडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर जळतो. आणि नंबर दाखवण्याची डीटीएमएफ पद्धत बहुधा त्याला माहीतच नसते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. आत रिमोटसारखे बारीक सेल दिसतात, पण ते चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे, प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात. त्या जागी साधे सेल घालून हँडसेट चार्जिंगवर ठेवला तर ते गळतात, फुटूही शकतात. दोन्ही सेल एकदमच बदला, पहिल्यांदा सात-आठ तास चार्ज करा, आणि स्टँडवरच्या धातूच्या पट्ट्या अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा.

वीज जाऊन आल्यावर हँडसेट ‘बेस शोधत आहे’ म्हणत राहिला तर घाईने रीसेट करू नका. नोंदणी बेसच्या आत साठलेली असते, वीज गेल्याने ती पुसत नाही. हँडसेट बेसजवळ आणून थोडा वेळ ठेवा. तरी नाही जुळलं तर बेसचा अॅडॉप्टर तपासा. ऑफिसात जागा बदलताना राउटरचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर बेसला लागल्याचं मी पाहिलं आहे, त्याने बेस कायमचा जातो. अॅडॉप्टर बरोबर असेल तर नव्याने नोंदणी करा: बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, पॅनासॉनिकमध्ये हँडसेटवर मेनू आणि #१३०, पिन विचारला तर कोणी बदललेला नसल्यास ००००. बाकीचे हँडसेट वाजू लागले तर तेच बटण पुन्हा दाबून थांबवा आणि पहिल्यापासून करा.

फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी. त्यात फ्लॅश टाइम, अॅक्सेस कोड, टोन-पल्स सगळं कंपनीच्या मूळ मापावर जातं. आधी हे आकडे एका कागदावर लिहा आणि तो बेसच्या तळाला चिकटवून ठेवा.

एवढं करूनही साध्या फोनवर चालणारी गोष्ट कॉर्डलेसवर चालत नसेल, तर कॉर्डलेसची वायर ईपीएबीएक्सच्या दुसऱ्या, चालू असलेल्या पोर्टवर लावून बघा. तिथे फोन नीट चालला तर पहिला पोर्ट सदोष आहे. पोर्ट बदलला की एक्स्टेंशनचा नंबरही बदलतो, तेव्हा टेक्निशियनकडून जुना नंबर नव्या पोर्टला देऊन घ्या, नाहीतर आतले सगळे जुन्याच नंबरावर फोन करत राहतील.